डोंगरापलीकडचं दोनचं जेवण

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातल्या पो शहराच्या दक्षिण कडेला उंचावरून जाणारा एक लांब रस्ता आहे, बुलव्हार दे पिरेने. हवा स्वच्छ असेल त्या दिवशी त्याच्या कठड्याशी उभं राहिलं की फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पिरेनीजची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसते. कठड्यावर शिखरांची नावं लावलेली आहेत, त्यामुळे कुठलं शिखर कोणतं हे नवख्यालाही कळतं. त्यातलं बाकीच्यांपासून सुटं उभं राहिलेलं, दोन टोकांचं, २८८४ मीटर उंचीचं शिखर म्हणजे पिक द्यु मिदी दोसो. त्याच्या पायथ्याला वळसा घालून एक रस्ता स्पेनमध्ये उतरतो. पोपासून सीमा जेमतेम सत्तर किलोमीटर. त्यामुळे ‘आज जेवायला स्पेनमध्ये जाऊन येऊ’ असं या भागातली माणसं सहज म्हणतात, आणि खरोखर जाऊनही येतात. तुलूझला विमानउद्योगात काम करणाऱ्या मराठी मंडळींनाही हा बेत जमण्यासारखा आहे. त्यांनी पोपर्यंतचे दोन तास वाढवून धरावेत, किंवा आदल्या रात्री पोलाच मुक्काम करावा.

ही सहल बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून आखतात. आधी घाट, तळी, किल्ला, जुनं स्टेशन अशी यादी करतात आणि जेवण ‘वाटेत कुठेतरी’ म्हणून सोडून देतात. मग साडेअकराला भुकेल्या पोटी स्पेनमध्ये पोचतात, तिथली स्वयंपाकघरं अजून उघडलेली नसतात, आणि सीमेवरच्या दुकानात थंड सँडविच खाऊन दिवस वाया घालवतात. ज्या कारणासाठी डोंगर ओलांडला तेच हुकतं. माझं म्हणणं एवढंच, की आधी टेबल दोन वाजताचं ठरवा आणि तिथून उलटं मोजत सकाळपर्यंत या. दिवसाचं सगळं गणित त्या एका वेळेवर बसतं.

दोन वाजताच का, ते समजून घ्यायला हवं. फ्रान्सच्या या भागात दुपारचं जेवण बाराला सुरू होतं आणि दीडच्या पुढे आलेल्या माणसाला बऱ्याच ठिकाणी नाही म्हणतात. डोंगरापलीकडे एक वाजता अजून टेबलांवर कागदी रुमाल मांडणं चाललेलं असतं. दीडला पहिली माणसं येतात, दोन ते साडेतीन गर्दी असते, चारला चूल बंद. घड्याळ दोन्हीकडे एकच. रेखांशही जवळजवळ एकच, पो आणि हाका (स्पेनमधलं, जिथे जेवायचं ते शहर) ही दोन्ही गावं ग्रिनिचच्या किंचित पश्चिमेला आहेत. म्हणजे खरं तर त्यांनी लंडनचं घड्याळ वापरायला हवं. पण स्पेननं १९४० साली आपलं घड्याळ एक तास पुढे नेलं, ते पुन्हा मागे आणलंच नाही. त्यात उन्हाळ्याचा जादा तास. त्यामुळे जून-जुलैत हाकामध्ये सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात दोन वाजलेले असतात. आरागोनमधला, म्हणजे हाका ज्या प्रांतात आहे तिथला, माणूस दोनला जेवतो म्हणजे सूर्यानं पाहिलं तर बाराच्या ठोक्याला जेवतो. म्हणून दक्षिणेकडची माणसं उशिरा जेवतात, असा समज करून घेऊ नये. उत्तरेकडचे घड्याळ पाहून जेवतात, दक्षिणेकडचे ऊन पाहून.

आता मागे मोजू. दोनला हाकाच्या टेबलावर बसायचं तर पावणेदोनला गाडी लावून झालेली हवी. सीमेजवळच्या सायेंत दे गायेगो या गावापासून हाका सुमारे पन्नास किलोमीटर, म्हणजे पाऊण-एक तास. सायेंतमध्ये पाय मोकळे करायला तासभर. त्याआधी सीमेवरच्या पूर्ताले खिंडीतून उतार वीस मिनिटं, खिंडीवर अर्धा-पाऊण तास. लारँस या फ्रान्समधल्या गावापासून खिंडीपर्यंतचे २८-२९ किलोमीटर चढायला थांबत-थांबत सव्वा तास. लारँसला कॉफी. पो ते लारँस पाऊण तास. बेरीज करा, साडेआठला पो सोडायला हवं. आठला निघालात तर आणखी छान, नऊला निघालात तर कुठला तरी थांबा सोडावा लागेल. दहाला निघायची वेळ आली तर हाका विसरा, सायेंतमध्येच जेवा आणि आल्या वाटेनं परत या. तोही पूर्ण आणि चांगला दिवस होतो, त्यात कमीपणा काही नाही.

जीपीएस मात्र तुम्हाला हे करू देणार नाही. ‘पो ते हाका’ असं टाकलं की तो ओलोरोनमार्गे सोंपोर बोगद्यातून नेतो, कारण तो रस्ता लवकरचा. साधारण दोन तासांत तुम्ही हाकाला, आणि डोंगर वरून न पाहता त्याच्या पोटातून आलेले. म्हणून आधी लारँस, मग ‘पूर्ताले खिंड’ असे टप्पे मुद्दाम घालावेत. जाताना पूर्ताले आणि येताना सोंपोर, हाच क्रम धरावा. एक तर सकाळचं ऊन पिक द्यु मिदीच्या खिंडीकडच्या अंगावर पडतं. दुसरं, उन्हाळ्यात दुपारनंतर माथ्यावर ढग दाटतात, गडगडाटी पाऊस होतो, तेव्हा उंच खिंड सकाळीच उरकलेली बरी. तिसरं, परतताना थकवा आला किंवा धुकं उतरलं तर सोंपोरला खालून बोगदा आहे. पूर्तालेला तसा पर्याय नाही.

निघण्यापूर्वी दोन्ही रस्ते उघडे आहेत का ते बघणं सक्तीचं समजा. पूर्ताले १७९४ मीटरवर आहे, हिवाळ्यात हिमलोटांच्या भीतीनं तो कित्येक दिवस बंद असू शकतो. पूर्तालेकडे चढणाऱ्या ओसो खोऱ्यात शिरतानाच रस्त्याकडेला फलक असतो, त्यावर खिंडीच्या नावापुढे उघडी की बंद ते लिहिलेलं असतं. तो पाहिल्याशिवाय वर चढू नये. आस्प खोऱ्यातला, म्हणजे सोंपोरकडचा, रस्ताही नेहमीच भरवशाचा असतो असं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये उर्दोसजवळ पुरानं रस्त्याचा तुकडाच वाहून नेला आणि ती वाट काही महिने बंद होती. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात फ्रान्समधल्या ठरवून दिलेल्या डोंगरी भागांत हिवाळी टायर किंवा गाडीत साखळ्या बाळगणं बंधनकारक आहे. भाड्याची गाडी असेल तर साखळ्या मागून घ्या, आणि गाडी स्पेनमध्ये नेणार आहात हे काउंटरवरच सांगा. मला विचाराल तर ही सहल जून, सप्टेंबर किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातली. ऑगस्टमध्ये सारागोसाचं अर्धं शहर थंड हवेला याच खोऱ्यात आलेलं असतं. १२ ऑक्टोबर तर टाळाच. त्या दिवशी स्पेनला सुट्टी आणि फ्रान्सला नाही, त्यामुळे इकडून निघताना सगळं रिकामं वाटतं आणि पलीकडे बसायला जागा मिळत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. दोन्ही देश शेंगेनमध्ये आहेत, सीमेवर एरवी कोणी अडवत नाही, पण तपासणी कधीही होऊ शकते. पासपोर्ट सोबत हवा, फ्रान्सचं निवासपत्र असेल तर तेही. फ्रान्सचा शेंगेन व्हिसा पुरतो, आणि एका प्रवेशाचाच असला तरी या फेरीनं तो प्रवेश खर्च होत नाही. भारतीय परवान्यावर गाडी चालवणाऱ्यानं आंतरराष्ट्रीय परवाना जवळ ठेवावा.

लारँसपर्यंत रस्ता सपाट आणि सोपा. दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं, पाटीच्या दगडाची काळी छपरं, मक्याची शेतं. लारँसला टाकी बघून घ्या, कारण वर फ्रान्सच्या बाजूला पेट्रोलचा भरवसा नाही. पण काठोकाठ भरू नका. स्पेनमध्ये इंधन बहुधा स्वस्त असतं, पलीकडे जाण्यापुरतं असलं की झालं. लारँस सोडलं की खोरं एकदम मिटतं. ओ-शोद नावाच्या जुन्या गरम पाण्याच्या ठिकाणाकडे जाणारी घळ अरुंद आहे. एका हाताला खडक, दुसऱ्या हाताला खाली नदी. इथे समोरून मोठी बस आली तर घाई करू नका. अरुंद डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्यानं थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम दोन्ही देशांत आहे, म्हणजे जाताना तो तुमच्या बाजूचा आणि परतीच्या उतारावर तुमच्यावरचा.

गाबास हे वस्ती म्हणण्याइतकंच गाव. त्याच्या पुढे फाब्रेजचं तळं लागतं. तळ्याच्या काठावरून वर जाणारा पाळणा आर्तूस्तच्या छोट्या आगगाडीपर्यंत नेतो. ही गाडी १९२० च्या दशकात धरणाच्या कामासाठी टाकलेल्या रुळांवरून दोन हजार मीटरच्या आसपास धावते. सुंदर आहे, पण तिला निम्मा दिवस लागतो. जेवणाच्या दिवशी तिच्यात बसू नये.

फाब्रेजनंतर झाडं हळूहळू संपतात आणि आनेऊचं विस्तीर्ण गवताळ खोलगट मैदान उघडतं. या सगळ्या रस्त्यात मनसोक्त थांबायचं असेल तर ते इथे. डाव्या-उजव्या बाजूला गाडी काढून ठेवता येईल अशा जागा आहेत. मागे वळून पाहिलं की पिक द्यु मिदी दोसो, जुन्या ज्वालामुखीचा उरलेला गाभा, पोच्या कठड्यावरून दिसला होता त्याहून अगदी वेगळ्या आकाराचा. उन्हाळ्यात इथे मेंढ्यांचे कळप चरायला आलेले असतात आणि मेंढपाळ वरच राहून चीज करतात. कळपाशेजारी मोठी पांढरी कुत्री दिसतील. ती कळपातच वाढलेली असतात आणि अस्वलापासून, भटक्या कुत्र्यांपासून मेंढ्या राखणं हेच त्यांचं काम. कळपाच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला. कुत्रं भुंकत आलं तर थांबा, हळू बोला, पाठ न फिरवता मागे सरका. हात पुढे करून गोंजारायला जाणं ही पाहुण्यांची नेहमीची चूक. आपलं कुत्रं सोबत असेल तर ते गाडीतच राहू द्या.

गाई आणि घोडे तर रस्त्यावरच बसलेले असतात, कारण डांबर ऊन धरून ठेवतं. हॉर्नचा उपयोग होत नाही. गाडी अगदी हळू पुढे सरकवत नेली की ती उठतात. वळणाच्या पलीकडे जनावर असणारच, असं धरूनच या भागात चालवावं.

खिंडीत पोचलात की पायाखाली देश बदलतो, त्याहून जास्त हवा बदलते. अटलांटिकवरून येणारे ओले वारे उत्तरेच्या उतारावर चढतात, थंड होतात, पाऊस टाकतात आणि कोरडे होऊन पलीकडे उतरतात. सह्याद्रीत जे कोकण आणि देश यांच्यात होतं तेच इथे फ्रान्स आणि स्पेन यांच्यात होतं. फक्त ओली बाजू इथे उत्तरेची. कित्येक सकाळी ओसो खोरं ढगानं गच्च भरलेलं असतं, आनेऊला पोचताना गाडी ढगातून वर निघते आणि खिंडीवर लख्ख ऊन असतं. म्हणून पोला झिमझिम पाऊस आहे एवढ्यावरून बेत रद्द करू नका, पलीकडच्या सायेंतचा अंदाज बघा. उलट, कधी पोमधून डोंगर हातावर असल्यासारखे जवळ आणि धारदार दिसतात. तो दक्षिणेचा उबदार वारा असतो, आणि त्याच्या मागोमाग बहुधा हवा बिघडते. अशा दिवशी लवकर निघा आणि लवकर परता.

सीमेवर स्पेनच्या हद्दीत दुकानांची रांग आहे. फ्रेंच गाड्या तिथे दारू, सिगारेट, ऑलिव्ह तेल आणि हॅमसाठी येतात. तेल घ्यायला हरकत नाही, पण जेवायला मात्र इथे थांबू नका. इथलं अन्न दुकानात येणाऱ्या घाईच्या गिऱ्हाइकासाठी असतं.

खाली तेना खोरं. आधी फोर्मिगालची स्कीची वसाहत, जी उन्हाळ्यात ओकीबोकी दिसते, तिथून सरळ पुढे जावं. मग सायेंत दे गायेगो. दगडी घरं, ओढा, जुना पूल, चर्च, आणि गावाच्या पायाशी लानूसाचं धरण. पाण्याच्या पलीकडच्या काठावर लानूसा गाव आहे, त्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे. धरणासाठी गावाची जमीन सरकारनं घेतली, १९७० च्या दशकात माणसांना घरं सोडावी लागली, गाव ओस पडलं. पुढे मूळच्या कुटुंबांनी हक्क परत मिळवून घरं पुन्हा उभी केली. आज तिथे पाटीच्या दगडाची छपरं नव्यानं शाकारलेली दिसतात, आणि १९९२ पासून उन्हाळ्यात तळ्यावर तरंगत्या रंगमंचावर संगीताचा मोठा उत्सव भरतो. सायेंत ते लानूसा आणि परत असं चालायला तास पुरतो. भूक लागण्यासाठी याहून चांगला उपाय नाही. सव्वाबाराला पोटात आग पडली तरी बारमध्ये बसून बोकादियो मागवू नका. एक कॉफी, दोन ऑलिव्ह, बस. अर्धा हात लांबीचा तो पाव खाल्ला की दोनच्या जेवणातलं काहीच उरत नाही.

बिएस्कास गाव जाता-जाता दिसतं. तिथल्या ओढ्याला ७ ऑगस्ट १९९६ रोजी आलेल्या लोंढ्यानं एक तंबूतळ वाहून नेला आणि ८७ माणसं गेली. डोंगरात दुपारचं आभाळ गंभीरपणे घ्यायचं असतं, ते त्यामुळे. पुढे साबिन्यानिगोपासून मोठा रस्ता लागतो आणि पंधरा-वीस मिनिटांत हाका.

हाका म्हणजे आरागोन राज्याची पहिली राजधानी. अकराव्या शतकातलं कॅथेड्रल इथे आहे. त्याच्या भिंतींवरून फिरणारी बुद्धिबळाच्या पटासारखी कोरीव पट्टी इथूनच सान्तियागो या स्पेनमधल्या तीर्थक्षेत्राच्या यात्रामार्गावरच्या चर्चपर्यंत पसरली. शहराच्या कडेला १५९२ साली बांधायला घेतलेला पाच कोनांचा किल्ला आहे, त्याच्या कोरड्या खंदकात हरणं चरतात. हे दोन्ही जेवणानंतर. तसंही स्पेनमधली बरीच चर्च आणि संग्रहालयं दुपारी बंद असतात, त्यामुळे जेवणाची वेळ चुकवून ती बघायचा मोह धरूच नये. गाडी किल्ल्याच्या बाजूला लावून आत चालत जा. निळ्या रेषा म्हणजे पैसे भरायची जागा, पिवळ्या म्हणजे लावायचं नाही.

आता जेवण. कामाच्या दिवशी दारावरच्या फळ्यावर ‘मेनू देल दीआ’ लिहिलेलं असेल ते घर निवडा. ठरावीक पैशांत पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, गोड किंवा कॉफी, पाव, आणि पाणी किंवा वाइन. पंधरा ते वीस युरो साधारण, शनिवार-रविवारी जास्त, आणि काही ठिकाणी त्या दिवशी हा मेनू नसतोच. म्हणून ही सहल मंगळवार ते शुक्रवारमधल्या दिवशी केली तर जेवण स्वस्त आणि जास्त घरगुती मिळतं. सोमवारी बरीच घरं बंद असतात. मेनू माणशी एक असतो. एक मागवून दोघांत वाटून खाणं इथे चालत नाही. नळाचं पाणी मागितलं तर ते फुकट द्यावं असा २०२२ पासून कायदा आहे. दोनचं टेबल सकाळी लारँसहून फोन करून राखून ठेवा. ‘दोस पेर्सोनास, आ लास दोस’ एवढं म्हटलं तरी काम होतं.

फळ्यावर ‘मीगास’ दिसलं तर पहिल्या पदार्थात दुसरा विचार करू नये. हे कळपामागे चालणाऱ्या मेंढपाळांचं जेवण. दोन-तीन दिवसांचा घट्ट गव्हाचा पाव घेतात. चौघांना अर्धा किलो. ताजा पाव चालत नाही, त्याचा गोळा होतो. तो सुरीनं पातळ कापतात, मीठ घातलेलं पाणी त्यावर हातानं शिंपडतात, अर्ध्या किलोला पाऊण ते एक कप, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवतात. सगळी गोम या पाण्यात आहे. कमी पडलं तर तुकडे दाताला टोचतात, जास्त झालं तर कढईत लगदा. सकाळी मोठ्या लोखंडी कढईत तेल किंवा मेंढीची चरबी, त्यात ठेचलेला लसूण, सॉसेजचे तुकडे, आणि मग पाव. त्यानंतर निदान वीस मिनिटं कोणीतरी कढईशी उभं राहून उलथन्यानं खालचं वर, वरचं खाली करत राहायचं. आच मोठी केली तर बाहेरून करपतो आणि आत ओला राहतो. नीट जमलेल्या मीगासचा एकेक कण सुटा असतो, बाहेरून कुरकुरीत, आत मऊ. वर तळलेलं अंडं आणि शेजारी गार द्राक्षं. द्राक्षं शोभेला नसतात, चरबीचा तवंग जिभेवरून काढायला असतात. घासागणिक एक घ्यायचं.

दुसऱ्या पदार्थात ‘तेर्नास्को’ म्हणजे कोवळं कोकरू. आरागोनच्या या मांसाला १९९६ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि नियमानं ते कोवळ्या कोकराचंच असावं लागतं. बटाट्याच्या चकत्यांवर खांदा किंवा मांडी ठेवून भट्टीत दीड तास भाजतात, मधूनमधून सुटलेला रस वर घालतात. दोनला बसण्याचं आणखी एक कारण इथे आहे. मेनूसाठीचं भाजणं दोनच्या हिशोबानं बाहेर काढलेलं असतं. साडेतीनला आलेल्याला तेच परत तापवून मिळतं आणि मांस कोरडं लागतं.

शाकाहारी माणसानं पोटभर जेवायचं असेल तर त्याला ‘बोर्राहा’ हा शब्द पाठ हवा. ही एब्रो नदीच्या खोऱ्यातली लाडकी भाजी. देठ जाडसर, अंगावर टोचरी लव. स्वयंपाकाचा खरा वेळ ती लव पाण्याखाली चोळून काढण्यात जातो. मग बोटभर तुकडे करून बटाट्यासोबत नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडतात आणि वरून कच्चं ऑलिव्ह तेल सोडतात. इतकंच. चव हलकी, किंचित काकडीच्या अंगाची, आणि तेल चांगलं असेल तर अप्रतिम. मात्र मागवताना ‘सिन हामोन’, म्हणजे हॅमशिवाय, असं स्पष्ट म्हणा. इथे भाजीत हॅमचे तुकडे घालणं हा मसाला मानला जातो, मांसाहार नव्हे, त्यामुळे ‘मी मांस खात नाही’ एवढं सांगून भागत नाही. मसूर आणि पांढऱ्या घेवड्याच्या उसळीत सॉसेज असतं, ‘मिक्स्ता’ सॅलडमध्ये ट्यूना, भरलेल्या लाल मिरच्यांत बहुधा कॉड मासा. मीगास हवं असेल तर कढई आधीच चरबीत झालेली असते, नंतर सॉसेज वेचून काढण्यात अर्थ नाही. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया कुठेही मिळते.

गोडामध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरात ‘वाइनमधला पीच’ विचारा. दक्षिण आरागोनमधल्या कालान्दाचे पीच झाडावर असतानाच एकेक करून कागदी पिशवीत बांधतात, म्हणजे कीड लागत नाही आणि साल पिवळीधमक राहते. सोललेला पीच तांबड्या वाइनमध्ये साखर-दालचिनी घालून मुरवतात. फळ घट्ट आणि रस गडद हवा.

वाइनची बाटली कित्येकदा न विचारता टेबलावर येते. ती संपवायची नसते. गाडी चालवणाऱ्यानं पाण्यावरच राहावं. दोन्ही देशांत रक्तातल्या मद्याची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे, पण पुढे घाट आहे, मर्यादेचा हिशोब करत बसू नये. बिल मागितल्याशिवाय येत नाही. कोणी उठवायला येणार नाही, कॉफीनंतर अर्धा तास बसून राहणं हा जेवणाचाच भाग आहे. सव्वाचारला उठा, किल्ल्याच्या खंदकाला एक फेरी मारा, पाचला गाडीत बसा.

परतीच्या वाटेवर पंचवीस किलोमीटरवर कानफ्रांक. अरुंद डोंगरी खोऱ्यात २४१ मीटर लांबीची इमारत अचानक समोर येते. १८ जुलै १९२८ रोजी स्पेनचा राजा तेरावा आल्फोन्सो आणि फ्रान्सचे अध्यक्ष दूमेर्ग यांच्या हजेरीत हे स्टेशन सुरू झालं. ते इतकं मोठं लागलं याचं कारण रुळांत आहे. स्पेनचे रूळ फ्रान्सच्या रुळांपेक्षा रुंद, गाडी पुढे जाऊच शकत नव्हती, म्हणून प्रत्येक माणूस आणि प्रत्येक पोतं इथे उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावं लागे, शिवाय दोन देशांची जकात. २७ मार्च १९७० ला फ्रान्सच्या बाजूला एक मालगाडी घसरून पूल कोसळला आणि डोंगरापलीकडची रेल्वे वाहतूक थांबली ती आजतागायत. जानेवारी २०२३ पासून इमारतीत पंचतारांकित हॉटेल आहे. बाहेरून पाहायला आणि फलाटाच्या बाजूनं चालायला अर्धा तास पुरतो. दालन आतून पाहायचं असेल तर आधी वेळ ठरवून घ्यावी लागते.

कानफ्रांकपाशी निर्णय घ्यायचा. उजेड आणि उत्साह असेल तर वरून, १६३२ मीटरची सोंपोर खिंड. ही रोमनांपासूनची वाट, सान्तियागोचे यात्रेकरू याच खिंडीतून आरागोनमध्ये उतरत, आणि माथ्याजवळ त्यांच्यासाठी सांता क्रिस्तीनाची मोठी धर्मशाळा होती, तिचे नुसते पाये आता दिसतात. थकवा असेल, ढग असतील, कोणाचं पोट घाटाला नको म्हणत असेल तर २००३ मध्ये उघडलेला ८.६ किलोमीटरचा बोगदा. त्याला टोल नाही. खिंडीतून उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडीत हातानं खालचा गिअर धरायची सोय असते, ती आधी सपाटीवर शोधून ठेवा. करपल्यासारखा वास आला तर गाडी बाजूला घेऊन ब्रेक थंड होऊ द्या, चाकांवर पाणी ओतू नका.

उर्दोसच्या खाली रस्त्यालगतच्या कड्यात खोदलेला पोर्ताले किल्ला दिसतो, सकाळची पूर्ताले खिंड वेगळी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारनं लेओँ ब्लुम आणि दालादिए या माजी पंतप्रधानांना इथे डांबलं, आणि १९४५ मध्ये त्याच विशी सरकारचा प्रमुख पेतँ इथे कैदी म्हणून आला. त्यापुढे आस्प खोरं हळूहळू रुंद होतं. मेंढीच्या दुधाचं चीज घ्यायचं तर ते या परतीच्या वाटेवर, बेदूसच्या आसपास घ्या. सकाळी ओसोत घेतलेलं चीज दुपारभर हाकाच्या उन्हात गाडीत घाम सोडत बसतं. उन्हाळ्यात डोंगरावर केलेलं असेल तर विक्रेता ते आपणहून सांगतो. त्याला थोडा जास्त भाव द्यावा, चवीत फरक असतो. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनाही अर्धी सहल जमते. पोपासून बेदूसपर्यंत २०१६ पासून पुन्हा रेल्वे आहे आणि तिथून कानफ्रांकला बस जाते. फेऱ्या मोजक्याच आहेत, त्यामुळे परतीची बस आधी बघायची आणि जेवण कानफ्रांकमध्येच करायचं.

कानफ्रांकहून सहाच्या आत निघालात तर ओलोरोनला सव्वासात, पोला आठ. रात्रीचं टेबल कुठेही राखून ठेवू नका. दोनच्या त्या जेवणानंतर चीजचा तुकडा आणि एखादं फळ यापलीकडे कोणाला काही लागत नाही.